हिमनदीवरचं कापड आणि अण्णांचा वेर

सुरसागरकाठ | गुरू, १६ मे २०२४, २१:४०

गेल्या जुलैत आम्ही दोघं स्वित्झर्लंडला जाऊन आलो. फोटो टाकते टाकते म्हणत वर्ष होत आलं. आज बडोद्यात ४३ अंश होतं. दुपारी पंखा नुसती गरम हवा फेकत होता, तेव्हा फोनमध्ये बर्फाचे फोटो बघत पडले होते. त्यातून हा धागा.

टूरवाल्यांनी टिटलिसला नेलं. सगळ्यांना नेतात तसंच, शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याच्या जोडीपाशी रांग वगैरे. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या जागेबद्दल. एक दिवस मोकळा होता, तर भाच्याने त्याच्या गाडीने फुर्का घाटात नेलं. घाटाच्या वळणावर बेल्व्हेडेअर नावाचं जुनं, आता बंद पडलेलं हॉटेल आहे, आणि त्याच्या मागे ऱ्होन हिमनदी. फ्रान्समधून भूमध्य समुद्राला जाते ती ऱ्होन नदी इथून निघते. तिथल्या बर्फात दरवर्षी एक गुहा कोरतात, गेली दीडशेच्या आसपास वर्षं, आणि तिकीट लावून दाखवतात.

माझ्या डोळ्यांसमोर पांढरंशुभ्र काहीतरी होतं. दिसलं काय, तर कापड. लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी मांडवाचे पडदे उतरवून जमिनीवर टाकलेले असतात ना, अगदी तसं. हिमनदीची अख्खी कड त्याने झाकलेली. लांबून पांढरं वाटलं, जवळ गेल्यावर मळकट राखाडी. पट्ट्याला पट्टा शिवलेला, शिवण काही ठिकाणी उसवलेली, टोकांच्या चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या. आणि खाली सगळीकडून टिपटिप, टिपटिप. आत गुहेत निळा उजेड, पायाखाली फळ्या, छतातून मानेवर थेंब. बाहेर आल्यावर लक्षात आलं की झाकलेला भाग आजूबाजूच्या बर्फापेक्षा चांगला उंच राहिलाय, ओट्यासारखा. म्हणजे उघडा भाग तेवढा खाली गेलाय.

भाचा म्हणाला, आल्प्समधली स्कीची रिसॉर्टं सुद्धा आता हेच करतात. उन्हाळाभर उतारांवर कापड घालून ठेवतात.

माझा प्रश्न साधा आहे. याने खरंच काही होतं का? विचारायला कारण आहे. आमच्या अण्णांचा दांडिया बाजारात बर्फाचा डेपो होता. मुंबईकडे लादी म्हणतात तिला आमच्याकडे पाट. पहाटे पाटा यायच्या, हातगाडीवर, आकड्याने ओढून उतरवायच्या, आणि त्यावर लातीतून आणलेला लाकडाचा वेर आणि वर ओली बारदानं. (पुण्याच्या मंडळींसाठी: लाती म्हणजे लाकडाची वखार, वेर म्हणजे भुसा.) मे महिन्यात आमच्या गल्लीतली सगळी मांजरं त्या बारदानांना पाठ लावून झोपायची. तेव्हा ते स्विस कापड बघून मला घरचंच वाटलं, आणि थोडं हसूही आलं.

---

शेवउसळ_तरी_जास्त | गुरू, १६ मे २०२४, २२:०५

मस्त लिहिलंय ताई. हिमनदीला पांघरूण आणि आम्हाला पावर कट. फोटो दिसत नाहीयेत, परत चढवा.

---

मोरेन | गुरू, १६ मे २०२४, २३:१८

छान धागा. माझा विषय भूशास्त्र आहे, त्यामुळे राहवत नाही.

होतं का? होतं. झाकलेल्या जागेवर वितळणं निम्म्याहून जास्त कमी होतं. स्वित्झर्लंडमधल्या अशा सगळ्या जागांचा हिशेब झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या माथियास हुस यांनी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडला. साधारण ६० टक्के वितळण कापडाने थांबते, असं त्यात निघालं.

आता दुसरा आकडा ऐका. देशभरातलं सगळं कापड मिळून किती जागा झाकली जाते? ०.१८ चौरस किलोमीटर. म्हणजे १८ हेक्टर. आपली बडोद्याची कमाटीबाग ११३ एकर आहे, म्हणजे ४५ हेक्टरच्या वर. अख्ख्या स्वित्झर्लंडचं कापड गोळा करून आणलं तरी अर्धी कमाटीबाग झाकायची नाही. तिथल्या एकूण हिमनद्यांच्या क्षेत्राच्या हे ०.०२ टक्के.

आणि बाहेर काय चाललंय? २०२२ च्या एका वर्षात स्विस हिमनद्यांचं ६ टक्के घनफळ गेलं, २०२३ मध्ये आणखी ४ टक्के. दोन वर्षांत दहावा हिस्सा. २०२२ मध्ये हिवाळ्यात बर्फ कमी पडला, मार्चमध्ये सहाराची धूळ येऊन बसली त्यामुळे बर्फ काळवंडला, आणि मग उन्हाळा तापला. तिन्ही एकत्र.

काळवंडण्याचं महत्त्व सांगतो, कारण कापडाचं गुपित तिथेच आहे. ताजा बर्फ उन्हाचा ८०-९० टक्के प्रकाश परत फेकतो. तो वितळून खालचा जुना, मळका बर्फ उघडा पडला की निम्माही फेकत नाही, बाकीचा गिळतो. पांढरं कापड मुख्यतः आरशाचं काम करतं. पांघरुणाचं काम दुय्यम.

---

वाघोडिया_जीआयडीसी | शुक्र, १७ मे २०२४, ०७:५२

शिफ्ट सुटल्यावर वाचलं आणि एकदम जागा झालो. हा माझा माल आहे! म्हणजे ह्याच जातीचा. आम्ही नॉनवोव्हन जिओटेक्स्टाईल काढतो. रस्त्याखाली, कचऱ्याच्या डेपोखाली, कालव्याच्या अस्तरात घालतात ते. विणलेलं नसतं. पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा थर पसरायचा आणि हजारो काटेरी सुया वरखाली मारून तो गुंतवायचा. नीडल पंचिंग म्हणतात. हाताला जाड नमद्यासारखं लागतं.

सुरसागरताई, तुम्ही बघितलं ते मळकट झालं याचं नवल नाही. नमदा आहे तो, धूळ धरणारच. आणि धूळ धरली की मोरेनसाहेब म्हणतात तो आरसा गेला.

इटलीत तोनालेजवळ प्रेसेना हिमनदी आहे, तिथल्या रोपवे-लिफ्टवाल्या कंपनीने २००८ पासून हे काम चालवलंय. सुरुवात ३०,००० चौरस मीटरपासून, २०२० पर्यंत एक लाखावर गेले. पट्टा ५ मीटर रुंद, ७० मीटर लांब. रात्री कागदावर हिशेब केला. एक पट्टा ३५० चौरस मीटर, तर लाखाला २८५ पट्टे, आणि जोडाला एकमेकांवर चढवलेलं धरलं तर तीनशेच्या वर. एका पट्ट्याला चारशे युरोपर्यंत पडतात. म्हणजे नुसतं कापडच एक कोटी रुपयांच्या पुढे. ५०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) धरलं तर एक पट्टा पावणेदोनशे किलो, कोरडा. भिजला की विचारू नका. घालायला सहा आठवडे, काढायला सहा आठवडे.

ही हिमनदी १९९३ पासून तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेलेली. कापड घातल्याने उरलेल्यातला तेवढा पट्टा राहतो, स्की करण्यापुरता.

रच्याकने (बाय द वे), कोणी ओळखीचं असेल तर पांढऱ्या मालाची ऑर्डर द्या म्हणावं. दिवे घ्या.

---

खडूस_रावपुरा | शुक्र, १७ मे २०२४, १०:३०

सगळं वाचलं. माझं मत: थेर आहेत. ज्यांच्या गाड्यांनी आणि विमानांनी हवा तापली तेच आता बर्फाला चादर पांघरतात आणि वर तिकीट लावतात. सुरसागरताई, राग मानू नका, पण तुम्ही तिथं विमानानेच गेलात ना? त्या फेरीच्या धुराने किती बर्फ वितळला याचा हिशेब कोण मांडणार?

---

शेवउसळ_तरी_जास्त | शुक्र, १७ मे २०२४, १०:४१

काका आले. आता धागा शंभरी गाठणार.

---

सुरसागरकाठ | शुक्र, १७ मे २०२४, १२:१५

काका, राग कसला. विमानानेच गेलो, आणि जाताना असला विचार डोक्यात नव्हता. मानेवर ते थेंब पडायला लागले तेव्हा आला. पण मग बघायला गेलेच नसते तर हा धागा पण नसता. यावर माझ्याकडे उत्तर नाही, खरंच.

---

इन्सब्रुकवासी | शुक्र, १७ मे २०२४, २३:५६

मूळ बडोद्याच्या बाजवाड्याचा, सध्या ऑस्ट्रियात इन्सब्रुकला. नोकरीचा स्कीशी काही संबंध नाही, पण घरमालक श्टुबाय हिमनदीच्या स्की-क्षेत्रात लिफ्टवर आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने दोन शब्द.

खडूसकाका, तुमचं चुकलेलं नाही, पण ते कापड घालणारा माणूस विमानवाला नाही. तो दरीतल्या गावचा आहे. शेती म्हणजे चार गाई आणि गवत. बाकी सगळं, हॉटेलं, स्की शिकवणारे, बसवाले, बेकरी, त्या उतारावर चालतं. नोव्हेंबरमध्ये लिफ्ट चालू झाली नाही तर गावात कोणाचा पगार निघत नाही.

मी एकदा मेअखेरीस वर गेलो होतो. रात्रीच्या थंडीने पृष्ठभाग गोठलेला असतो तेव्हा पहाटेच काम सुरू. बर्फ सपाट करायच्या रणगाड्यासारख्या गाड्या गुंडाळ्या ओढत वर नेतात, आणि मग माणसं त्या उतारावर लोळवत उलगडतात. वारा आला की पट्टा शिडासारखा फुगतो, चारजण त्यावर आडवे पडतात. हे मी हसत लिहितोय, पण बघताना हसू येत नाही. कडा वाळूच्या पोत्यांनी दाबायच्या, शिवण मशिनने घालायची. आणि जूनमध्ये परत हिमवर्षाव झाला तर नवा बर्फ कापडावर बसतो आणि शरदात कापड त्याला चिकटून गोठतं. मग कुदळीने सोडवायचं.

सगळीकडे घालत नाहीत. लिफ्टचे खांब जिथे बर्फातच रोवलेत तिथे, लिफ्टमधून उतरायच्या जागेपाशी, खडक आणि बर्फाच्या सांध्यावरच्या उतारावर. तो सांधा खचला की स्कीची वाट तुटते, मग वरचा सगळा उतार असून नसून सारखा. म्हणजे हिमनदी वाचवायला नाही, वाट जुळलेली ठेवायला. घरमालकांना विचारलं तर तेही हेच सांगतात, त्यात काही लपवाछपवी नाही.

इथल्या विद्यापीठाच्या लोकांनी २००४ पासून काही वर्षं श्टुबायवरच वेगवेगळे उपाय मापून बघितले होते. बर्फ दाबून घट्ट करणं, त्यात पाणी सोडून गोठवणं, आणि झाकणं. पहिल्या दोनांचा फारसा उपयोग नाही, झाकण्याचाच होतो, असं ठरलं.

---

मोरेन | शनि, १८ मे २०२४, ०९:१०

इन्सब्रुकवासी, वाट जुळलेली ठेवायला, हे अगदी नेमकं. सुरुवातही तशीच झाली. स्वित्झर्लंडमध्ये आन्डरमाटला गुर्शन हिमनदीवर २००५ मध्ये पहिल्यांदा झाकलं ते कशासाठी? लिफ्टच्या स्टेशनातून बर्फावर उतरायची जागा खचत चालली होती म्हणून.

जर्मनीत झुगश्पित्सेवर तर त्याच्याही आधी, १९९३ पासून, कापड घालत होते. २०१२ नंतर सोडून दिलं, परवडेना आणि पुरेना. तिथल्याच दक्षिण श्नेफर्नरला २०२२ मध्ये हिमनदी म्हणणंच बंद झालं. हिमनदी म्हणायला बर्फ स्वतःच्या वजनाने सरकावा लागतो. तेवढा जाडच राहिला नाही.

खडूसकाकांसाठी पैशाचं. हुस यांच्या हिशेबात एक घनमीटर बर्फ वाचवायला वर्षाला ०.६ ते ७.९ फ्रँक पडतात, जागेनुसार. सगळ्या स्विस हिमनद्या झाकायच्या म्हटलं तर वर्षाला शंभर कोटी फ्रँकच्या वर, दरवर्षी. आणि उभ्या कड्यांवर, भेगांवर घालणार कसं हा प्रश्न वेगळाच. म्हणून जिथे तिकीटखिडकी आहे तिथेच कापड आहे. खिडकी नाही तिथे, उदाहरणार्थ पिझोलला, लोकांनी २०१९ च्या सप्टेंबरमध्ये काळे कपडे घालून हिमनदीची अंत्ययात्रा काढली.

बोलिव्हियात चाकालताया, ५,४०० मीटरवरचं स्कीचं ठिकाण, जगातलं सगळ्यात उंच म्हणून मिरवायचं. तिथली हिमनदी २००९ मध्ये संपली. तिथे कोणी कापडही घातलं नाही.

---

वाघोडिया_जीआयडीसी | शनि, १८ मे २०२४, १३:२२

एक गोष्ट कोणी बोललं नाही, माझ्याच धंद्याची आहे म्हणून मीच बोलतो. पॉलिप्रॉपिलीनला ऊन खपत नाही. साध्या कामाच्या मालात म्हणून आम्ही कार्बन ब्लॅक घालतो, काळा रंग त्याचाच. बर्फावर काळं चालणार नाही, तर पांढऱ्यात दुसरं यूव्ही स्टॅबिलायझर घालावं लागतं. तरी किती दिवस? प्रत्येकाच्या गच्चीवर निळी ताडपत्री असते. दोन उन्हाळे काढले की काय होतं ते आठवा. हात लावला की पापुद्रे, आणि झाडू मारला की निळा चुरा गटारात.

डोंगरावरचं ऊन आपल्याहून कडक, यूव्ही जास्त. वर दरवर्षी ओढाताण, कुदळी. ताईंनी बघितलेल्या चिंध्या कुठे गेल्या असतील? वितळलेल्या पाण्याबरोबर खाली. तंतू बारीक असतो, डोळ्याला दिसतही नाही. ऱ्होनचा उगम आहे ना तो?

माल विकणारा असून लिहिलं. मालकाने वाचलं नाही म्हणजे मिळवली.

---

चांपानेरची_चांदणी | शनि, १८ मे २०२४, १६:४७

वाचतेय, आवडतंय. पण आपलं काय? हिमालयात कोणी झाकतं का? माझी मुलगी शाळेच्या ट्रिपला औलीला गेली होती, तर फेब्रुवारीत निम्मा उतार मातीचाच.

---

मोरेन | शनि, १८ मे २०२४, २०:३३

चांदणीताई, औलीचा उतार हिमनदी नाही, तिथे दरवर्षी पडेल तो बर्फ. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती. पण ती यंत्रं पाणी फवारतात, हवेने ते गोठवायचं असतं. हवा शून्याच्या आसपास कोरडी गार नसेल तर नुसती कारंजी.

हिमालयातल्या मोठ्या हिमनद्यांवर निसर्गाचंच पांघरूण आहे. गंगोत्रीच्या खालच्या भागात बर्फ दिसतच नाही, वर दगडमाती. यात मजा अशी: माती बोटभर पातळ असेल तर ती तापते आणि खालचा बर्फ उलट लवकर वितळतो. हातभर जाड असेल तर ऊब खाली पोचतच नाही, बर्फ टिकतो. एकच माती, जाडीवर सगळं. अण्णांना विचारा, वेर किती जाड घालायचे.

आणि लडाखमध्ये चेवांग नोर्फेल यांचे कृत्रिम हिमसाठे, सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप आहेत, पण त्यांचा हेतू वेगळा. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गोठवून ठेवायचं, एप्रिल-मेमध्ये पेरणीला मिळावं म्हणून. तिथे बर्फ वितळणं हाच फायदा.

तसं बघितलं तर आपण बडोदेकर बाजूलाच. मही आणि नर्मदा, दोन्ही हिमनदीतून येत नाहीत. आपल्या नळाला फरक पडत नाही म्हणून आपण हे इतक्या निवांतपणे लिहितोय.

---

सुरसागरकाठ | रवि, १९ मे २०२४, ११:०८

अण्णांना विचारलं. ते ८७ वर्षांचे आहेत, कानाला कमी येतं, पण बर्फाचं नाव काढलं की सगळं ऐकू येतं. आयपॅडवर फोटो मोठे करून दाखवले. त्यांनी जे विचारलं ते जसंच्या तसं लिहिते.

पहिलं: "खालचं पाणी कुठं जातं?" डेपोत पाट कधी जमिनीवर टेकवायचे नाहीत, खाली सागाच्या पट्ट्या. वितळलेलं पाणी खालून निघून गेलं पाहिजे. पाण्यात उभी पाट दुपारपर्यंत राहायची नाही, वरून कितीही झाका. मी त्यांना दुसरा फोटो दाखवला, हिमनदीच्या पुढे साठलेला तलाव. म्हणाले, "मग झालं."

दुसरं, गुहेचा फोटो बघून: "आत भोक पाडून माणसं सोडतात? आणि वर बारदान?" आणि खूप वेळ हसत राहिले.

तिसरं मी विचारलं, अण्णा, वेर घालून बर्फ वाचायचा किती? ते म्हणाले वाचायचा कसला, संध्याकाळच्या लग्नाच्या ऑर्डरीपर्यंत पुरवायचा. रात्री उरला तो गेला. सकाळी नवी पाट यायचीच.

वेराची जाडी: एक वीत. त्याच्या खाली काही फायदा नाही म्हणतात. मोरेन, तुमचं बोटभर-हातभर त्यांना फार आवडलं.

---

मोरेन | रवि, १९ मे २०२४, १२:५०

नमस्कार सांगा त्यांना. खालचं पाणी ही मोठीच गोष्ट बोलले. हिमनदीचं टोक तलावात उभं राहिलं की पाणी ते खालून आणि समोरून खातं, कापडाचा तिथे इलाज नाही.

फरक एकच. त्यांची सकाळी नवी पाट यायची. हिमनदीत दरवर्षीच्या हिमवर्षावाचा थर दबून दबून बर्फ व्हायला पुष्कळ वर्षं लागतात, आणि आता वरची भर खालच्या खर्चाला पुरत नाही.

वेराचंही तिकडे चालतं बरं का. दावोसमध्ये २००८ पासून हिवाळ्यातला बर्फ ढीग करून ४० सेंटीमीटर भुशाखाली उन्हाळाभर ठेवतात. साधारण तीन चतुर्थांश टिकतो. ऑक्टोबरमध्ये पसरून त्यावर क्रॉस-कंट्री स्कीची वाट सुरू करतात. फिनलंडमध्येही करतात.

---

खडूस_रावपुरा | रवि, १९ मे २०२४, १३:३०

मग कापडाचा खर्च कशाला? सगळीकडे भुसाच टाका की. अण्णांचं डोकं स्विसांना नाही का?

---

वाघोडिया_जीआयडीसी | रवि, १९ मे २०२४, १५:०२

काका, प्रेसेनाचे एक लाख चौरस मीटर, त्यावर ४० सेंटीमीटर, म्हणजे ४०,००० घनमीटर भुसा. डोंगरावर चढवा, वाऱ्यात राहू द्या, आणि शरदात झाडून काढा, कारण भुशावर स्की चालत नाही. काय करणार? पण प्रश्न डोक्यात बसला. पुढच्या रविवारी सुट्टी आहे. करून बघतो.

---

व्यवस्थापक | रवि, १९ मे २०२४, १८:२०

पावर कटबद्दलचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे बर्फावर बोला.

---

वाघोडिया_जीआयडीसी | रवि, २६ मे २०२४, २२:४४

केलं. मंडळी, ऐका.

सकाळी बर्फाच्या फॅक्टरीतून पाटेचा तुकडा आणला, करवतीने पाच-पाच किलोचे तीन केले. (साडेचौदा झाले होते, काटा घासून पाच-पाच-साडेचार. कमीवाला उघडा ठेवला असता तर कोणी म्हणालं असतं लबाडी, म्हणून घरून पाण्याच्या डब्यात गोठवलेला अर्धा किलो त्याला जोडला.) गच्चीवर, जाळीच्या ट्रेवर, खाली पाणी निघून जाईल असे. अण्णांचा सल्ला.

पहिला उघडा. दुसरा आमच्या ४०० जीएसएमच्या पांढऱ्या नमद्यात, सगळ्या बाजूंनी. तिसरा टोपल्यात, खालीवर एक वीत वेर. दहा वाजता सुरुवात. बारा वाजता ४२ अंश. बायको म्हणाली खुर्ची पण वर नेऊन ठेवा.

उघडा पावणेदोनला संपला. शेवटी हाताच्या पंजाएवढा, पारदर्शक, मध्ये एक बुडबुडा, आणि मी पाणी प्यायला खाली गेलो तेवढ्यात गेला.

नमद्यातला संध्याकाळी सहाला काढला. ९०० ग्रॅम. नमदा पाण्याने जड आणि गार, पिळला तर बादलीभर.

वेरातला सहा वाजता ३ किलो ९००.

म्हणजे माझ्या मालाची अण्णांनी पार उतरवली. बायकोला सांगितलं, ती म्हणाली वीस वर्षं हाच माल काढताय ना?

---

मोरेन | रवि, २६ मे २०२४, २३:२०

हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. वाखू (वाचनखूण) साठवली.

पण माल वाईट नाही, जागा वेगळी आहे. बडोद्याच्या मेमध्ये ऊन एक चोर, पण ४२ अंशांची हवा त्याहून मोठा चोर. ती रात्रीही चोरते. तिच्यापुढे आरसा काय करणार, तिथे जाडी पाहिजे. तीन हजार मीटरवर उन्हाळ्यात हवा दिवसा पाच-दहा अंश, वितळवतं मुख्यतः ऊन. तिथे चार मिलिमीटरचा पांढरा नमदा पुरतो. काळ्या मालाने परत करून बघा, फरक कळेल.

यातलं काळजीचं असं, की जसजशी तिथली हवा तापेल, रात्री गोठणं बंद होईल, तसतसं तिथलं ऊन-हवेचं गणित आपल्या गच्चीकडे सरकेल.

---

इन्सब्रुकवासी | सोम, २७ मे २०२४, ००:४१

घरमालकांना हे भाषांतर करून सांगितलं. गच्ची, नमदा, वेर, सगळं. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ४२ अंश म्हणजे सावलीत का उन्हात. सावलीत म्हटल्यावर पुढे काही बोलले नाहीत. उद्या पहाटे चारला वर जाणार आहेत, गुंडाळ्या आल्यात.

---

सुरसागरकाठ | सोम, २७ मे २०२४, ०९:१५

वाघोडिया, तुमचा प्रतिसाद अण्णांना दोनदा वाचून दाखवला. खूश आहेत, पण समाधान नाही. विचारतात, पाच किलोतला अकराशे ग्रॅम गेलाच कसा? वेर कोरडा होता का?

---

वाघोडिया_जीआयडीसी | सोम, २७ मे २०२४, १४:०३

लातीवाल्याने ढिगाच्या कडेचा दिला होता, जरा दमट होता. आणि दुपारी बदलला नाही.

---

सुरसागरकाठ | सोम, २७ मे २०२४, १४:३०

अण्णा म्हणतात, मग ते धरायचं नाही. ओला वेर गेल्यात जमा. दुपारी दोनला काढून उन्हात पसरायचा आणि दुसरा कोरडा घालायचा, दोन ढीग ठेवायचे आळीपाळीने. रविवारी परत करा, पाट ते पाठवतात म्हणे. फोन कोणाला करणार आहेत देव जाणे, त्यांचा तो बर्फाचा कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं झाली.